ज्ञानाचे ऋण : मादाम क्युरी यांचे बालपण आणि शिक्षण

रेडियम या मूलद्रव्याचे नाव उच्चारताच मादाम क्युरी यांचे नाव ओठांवर येते. नोबेल पारितोषिक मिळवणारी जगातील पहिली स्त्री, दोन वेगवेगळ्या विज्ञानशाखांत हे पारितोषिक मिळवणारी पहिली व्यक्ती, पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठातील पहिली स्त्री-प्राध्यापक असे अनेक मान त्यांच्या नावावर जमा आहेत. शालेय पाठ्यपुस्तकांतून त्यांची ओळख आपल्यापैकी बहुतेकांना झालेली असते. परंतु ती ओळख बहुधा रेडियमच्या शोधापासून सुरू होते. ज्या मुलीने पुढे हा शोध लावला, तिला शाळा संपल्यावर विद्यापीठाची पायरी चढण्यासाठी तब्बल आठ वर्षे वाट पाहावी लागली होती, हे फारसे कुणाच्या ध्यानात राहत नाही. ही आठ वर्षे तिने कशी घालवली, कुणासाठी घालवली आणि त्या काळात तिच्या शिक्षणाचा दिवा कुणाकुणाच्या तेलावर तेवत राहिला, याची कथा तिच्या शोधांइतकीच मोलाची आहे.

पारतंत्र्यातील घर

मारिया स्क्लोदोव्स्का हिचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी पोलंडमधील वॉर्सा या शहरात झाला. पोलंड म्हटले खरे, पण त्या काळी या नावाचा स्वतंत्र देश नकाशावर उरलेला नव्हता. रशिया, ऑस्ट्रिया आणि प्रशिया या तीन बलाढ्य सत्तांनी तो आपसांत वाटून घेतला होता आणि वॉर्सा रशियाच्या झारच्या अमलाखाली होते. मारियाच्या जन्माआधी चार वर्षे, १८६३ साली, पोलिश जनतेने स्वातंत्र्यासाठी मोठा उठाव केला होता. तो निर्दयपणे चिरडला गेला. त्यानंतर पोलिश भाषा, पोलिश इतिहास आणि पोलिश अस्मिता यांचा मागमूस पुसून टाकण्याचे धोरण राज्यकर्त्यांनी अवलंबिले. शाळांतून रशियन भाषेची सक्ती झाली. अशा परिस्थितीत मुलांना आपल्या भाषेत शिकवणे हीच देशसेवा, असे मानणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांपैकी एक म्हणजे स्क्लोदोव्स्की कुटुंब.

मारियाचे वडील व्लादिस्लाव हे गणित व भौतिकशास्त्राचे अध्यापक होते. आई ब्रोनिस्लावा या वॉर्सातील मुलींच्या एका नामांकित शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. फ्रेता रस्त्यावरील ज्या इमारतीत ही शाळा भरे, त्याच इमारतीत मारियाचा जन्म झाला. झोफिया, युझेफ, ब्रोन्या, हेलेना आणि मारिया अशी ही पाच भावंडे. सर्वांत धाकट्या मारियाला घरात लाडाने मान्या म्हणत. वयाच्या चौथ्या वर्षीच ती वाचू लागली. वडिलांच्या खोलीत काचेचे एक कपाट होते. त्यात काचनळ्या, छोटे तराजू, खनिजांचे नमुने आणि सोन्याच्या पातळ पानाचे विद्युतदर्शी उपकरण अशा वस्तू मांडलेल्या असत. सरकारने पोलिश शाळांतील प्रयोगशिक्षण बंद केल्यावर वडिलांनी उपकरणे घरी आणून ठेवली होती. मुलीला त्यांचा उपयोग कळत नव्हता, पण कपाटापुढे उभे राहून ती तासन् तास त्यांच्याकडे पाहत राही.

या सुखी घरावर लवकरच आपत्तींची मालिका कोसळली. १८७३ साली वडिलांना पदावरून खाली आणण्यात आले. पगार घटला आणि नोकरीसोबत मिळालेले राहते घरही गेले. एका नातलगाच्या व्यवसायात गुंतवलेली शिल्लक बुडाली. घरखर्च भागवण्यासाठी शिकणाऱ्या मुलांना राहायला व जेवायला ठेवून घेण्याची वेळ आली. अशाच एका विद्यार्थ्याकडून घरात टायफसचा शिरकाव झाला आणि १८७६ साली थोरली झोफिया त्या तापात दगावली. आईला आधीपासूनच क्षयाने ग्रासले होते. संसर्गाच्या भीतीने ती आपल्या मुलांना जवळ घेऊन त्यांचे मुकेही घेत नसे. मे १८७८ मध्ये तिने इहलोकीची यात्रा संपवली. मारिया तेव्हा अवघी दहा वर्षांची होती.

आईवेगळ्या चार मुलांचा सांभाळ करताना वडिलांनी एक गोष्ट मात्र कधी थांबू दिली नाही, ती म्हणजे त्यांचे शिक्षण. पैशाअभावी मुलांना फारसे काही देता येत नाही, ही खंत त्यांना आयुष्यभर होती. पण शनिवारी संध्याकाळी मुलांना भोवती बसवून ते विविध भाषांतील साहित्य मोठ्याने वाचून दाखवत, फिरायला गेले की सूर्यास्ताचे अथवा ढगांचे शास्त्रीय कारण समजावून देत. जप्त होण्याजोगी संपत्ती या घरात उरली नव्हती. उरली होती ती विद्या, आणि ती कोणत्याही झारला हिरावून नेता येण्यासारखी नव्हती.

दोन वेळापत्रकांची शाळा

मारियाचे सुरुवातीचे शिक्षण सिकोर्स्का नावाच्या बाईंच्या खासगी शाळेत झाले. या शाळेत एक गुप्त व्यवहार चाले. वरकरणी वेळापत्रकात लिहिलेला विषय वेगळा असे आणि वर्गात पोलंडचा इतिहास पोलिश भाषेत शिकवला जाई. रशियन निरीक्षक तपासणीला आला की ठरलेल्या पद्धतीने घंटा वाजे. क्षणार्धात पुस्तके व वह्या लपवल्या जात आणि निरीक्षक वर्गात शिरेपर्यंत सगळ्या मुली हातात सुईदोरा घेऊन शिवणकामात गढलेल्या दिसत. मग निरीक्षक एखाद्या मुलीला उभे करून रशियन भाषेत प्रश्न विचारी. वर्गात सर्वांत हुशार आणि रशियन उत्तम बोलणारी म्हणून हा प्रसंग बहुधा मारियावरच येई. ती रशियन प्रार्थना बिनचूक म्हणे, झारांची नावावळ सांगे, राजघराण्यातील व्यक्तींच्या पदव्या अचूक उच्चारी. निरीक्षक समाधानाने निघून जाई आणि अपमानाचा तो ताण असह्य होऊन मुलीला रडू कोसळे. शिक्षण ही सहज मिळणारी गोष्ट नाही, ती कुणीतरी धोका पत्करून आपल्या हाती देत असते, हा धडा तिला इतक्या कोवळ्या वयात मिळाला.

पुढील शिक्षणासाठी तिला सरकारी शाळेत घालण्यात आले, कारण मान्यताप्राप्त प्रमाणपत्र तेथेच मिळत असे. वातावरण परके आणि अनेक शिक्षक पोलिश मुलांना तुच्छ लेखणारे. तरीही मारियाने अभ्यासात कसूर केली नाही. जून १८८३ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती सुवर्णपदकासह उत्तीर्ण झाली. तिच्याआधी भाऊ युझेफ आणि बहीण ब्रोन्या यांनीही असेच सुवर्णपदक घरी आणले होते.

परंतु येथून पुढे भाऊ आणि बहिणी यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. युझेफ वॉर्सा विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी दाखल झाला. मुलींना मात्र त्या विद्यापीठात प्रवेशच नव्हता. तेच पदक, तीच बुद्धी, तेच घर. केवळ मुलगी म्हणून दार बंद. अभ्यासाच्या ताणाने खचलेल्या मारियाला वडिलांनी वर्षभर खेड्यातील नातलगांकडे विश्रांतीसाठी पाठवले. तिच्या आयुष्यातील निश्चिंत म्हणावे असे हे एकच वर्ष. वॉर्साला परतल्यावर ती घरोघर जाऊन शिकवण्या करू लागली.

फिरते विद्यापीठ आणि दोन बहिणींचा करार

ज्यांना विद्यापीठाने दार लावले, त्यांनी आपले विद्यापीठ स्वतः उभे केले. वॉर्सातील काही जाणत्या मंडळींनी स्त्रियांसाठी गुप्त वर्ग सुरू केले होते. आज एका घरी, उद्या दुसऱ्या घरी, अशी जागा बदलत हे वर्ग भरत, म्हणून त्यांना फिरते विद्यापीठ असे नाव पडले. पोलिसांना सुगावा लागला तर शिकवणारे आणि शिकणारे दोघांनाही शिक्षा ठरलेली. मारिया आणि ब्रोन्या या दोघीही त्या वर्गांना जात. येथे केवळ विषयांचे ज्ञान मिळत नसे. देश परतंत्र असताना शस्त्राने जे साधले नाही, ते समाजाला सुशिक्षित करून साधता येईल, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. जो शिकला त्याने दुसऱ्याला शिकवावे, हा तेथील अलिखित नियम होता.

ब्रोन्याला डॉक्टर व्हायचे होते. पॅरिसमध्ये स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण घेता येत असे. परंतु तिची साठवलेली पुंजी प्रवासखर्च आणि फार तर एका वर्षाच्या निर्वाहापुरतीच होती, तर अभ्यासक्रम पाच वर्षांचा. तेव्हा धाकट्या बहिणीने तिच्यापुढे एक योजना मांडली. ब्रोन्याने आधी पॅरिसला जावे. मारियाने नोकरी करून तिला पैसे पाठवावेत. ब्रोन्या डॉक्टर झाली की तिने मारियाच्या शिक्षणाचा भार उचलावा. थोरलीने आधी आपण जाणे प्रथम नाकारले. पण एकीने घराबाहेर राहून नोकरी केली तर दोघींचेही शिक्षण होते आणि दोघींनी वाट पाहिली तर एकीचेही होत नाही, हा हिशेब तिला पटला. १८८५ साली ब्रोन्या पॅरिसला गेली. करार कागदावर लिहिला गेला नव्हता, साक्षीदार कुणी नव्हते. अठरा वर्षेही पुरी न झालेल्या मुलीने आपल्या पुढील पाच-सहा वर्षांचे दान बहिणीच्या हाती ठेवले होते.

श्चुकीची वर्षे

आरंभी मारियाने वॉर्सातच एका घरी शिक्षिकेची नोकरी धरली, पण तेथे तिचे मन रमले नाही आणि शहरात राहून बचतही होईना. म्हणून १ जानेवारी १८८६ रोजी ती वॉर्साच्या उत्तरेस दूरवर असलेल्या श्चुकी या खेड्यात गेली. तेथे एका मोठ्या जमीनदारीचे व्यवस्थापक असलेल्या झोराव्स्की कुटुंबात राहून त्यांच्या मुलांना शिकवण्याचे काम तिने पत्करले. पगार वर्षाला ५०० रूबल. त्यातील जवळजवळ निम्मी रक्कम महिन्याच्या महिन्याला ती ब्रोन्याला पाठवू लागली. सभोवती मैलोन् मैल बीटाची शेते आणि घराजवळ साखरेचा कारखाना. डोंगर नाही, अरण्य नाही, संगतीला विद्वान माणूस नाही.

दिवसभराचे सात तास शिकवण्यात जात. त्यानंतर थकून झोपी जावे, असा कुणीही विचार केला असता. मारियाच्या लक्षात आले, की गावातील शेतमजुरांच्या मुलांना अक्षरओळखही नाही. जी थोडी शाळेत जातात त्यांना केवळ रशियन लिपी येते. तिने मालकांची परवानगी काढली, त्यांच्या थोरल्या मुलीला सोबतीला घेतले आणि आपल्या खोलीत या मुलांना पोलिश वाचन-लेखन शिकवू लागली. तिच्या खोलीला अंगणातून स्वतंत्र जिना होता, त्यामुळे अनवाणी, मळलेल्या कपड्यांतील मुले थेट वर येऊ शकत. पुढे या मुलांची संख्या अठरापर्यंत गेली. पाटी-पेन्सिलीचा खर्च ती स्वतःच्या तुटपुंज्या शिलकीतून करी. सरकारला कळले असते तर कठोर शिक्षा झाली असती. ज्याप्रमाणे आपल्याला कुणीतरी धोका पत्करून शिकवले, त्याचप्रमाणे आपणही शिकवावे, याहून मोठे कारण तिला हवे नव्हते.

रात्री नऊनंतरचा वेळ तिचा स्वतःचा असे. साहित्य, समाजशास्त्र आणि विज्ञान हे तिन्ही विषय तिला सारखेच ओढ लावत होते. ती एकाच वेळी अनेक पुस्तके वाचायला घेई. एका विषयाने डोके शिणले की दुसरा हाती घेई आणि दोन्ही अवघड वाटू लागले की बीजगणिताची किंवा त्रिकोणमितीची उदाहरणे सोडवी, कारण त्यांत लक्ष ढळण्यास वावच नसतो. अडलेली गणिते पत्रातून वडिलांकडे जात आणि उत्तरे पत्रातून येत. या एकाकी अभ्यासातूनच आपला खरा कल गणित आणि भौतिकशास्त्राकडे आहे, हे तिला हळूहळू उमगले. कोणत्याही महाविद्यालयाने तिला विषय निवडून दिला नाही. तो तिने अंधारात चाचपडत स्वतः शोधला.

याच घरात तिच्या मनाला मोठी जखमही झाली. सुट्टीत घरी आलेला थोरला मुलगा काझिमिएश हा वॉर्सा येथे गणिताचा अभ्यास करीत होता. पुढे तो नामवंत गणितज्ञ म्हणून ओळखला गेला. दोघांचे प्रेम जुळले आणि त्यांनी विवाहाचा विचार केला. परंतु घरात मुलांना शिकवण्यासाठी ठेवलेली निर्धन मुलगी सून म्हणून आई-वडिलांना मान्य झाली नाही. मुलापाशी त्यांचा विरोध मोडण्याचे धैर्य नव्हते. एरवी तिने त्याच दिवशी ते घर सोडले असते. पण ब्रोन्याचे शिक्षण चालू होते आणि दर महिन्याला जाणारे रूबल थांबवणे तिला शक्य नव्हते. अपमान गिळून ती मुदत संपेपर्यंत, म्हणजे १८८९ च्या वसंतापर्यंत, त्याच घरात मुलांना शिकवत राहिली. स्वतःच्या स्वप्नांचा तिने त्या काळात जवळजवळ त्याग केला होता. वडिलांच्या म्हातारपणी त्यांना सांभाळावे आणि भावंडांचे भले झालेले पाहावे, एवढीच अपेक्षा मनात उरली होती.

माघार आणि पुन्हा उमेद

वडिलांनी १८८८ साली निवृत्तीनंतर वॉर्साजवळच्या एका सुधारगृहाच्या संचालकाची नोकरी पत्करली. काम कष्टाचे होते, पण पगार बरा होता. त्यातून ते ब्रोन्याला पैसे पाठवू लागले आणि मारियाची मिळकत तिच्यासाठी साठू लागली. मार्च १८९० मध्ये ब्रोन्याचे पत्र आले. काझिमिएश द्लुस्की या डॉक्टरशी तिचा विवाह ठरला होता. पुढील वर्षी मारियाने पॅरिसला यावे, राहण्याची व जेवणाची सोय आपल्या घरी होईल, असा निरोप त्यात होता. करारातील आपला वाटा पुरा करण्यास थोरली बहीण सिद्ध होती.

आणि नेमक्या या क्षणी मारियाने नकार कळवला. इतक्या वर्षांच्या प्रतीक्षेने तिचा आत्मविश्वास खचला होता. वडिलांना एकटे सोडून जाण्यास मन धजत नव्हते. ती वॉर्साला त्यांच्याजवळ राहू लागली आणि पुन्हा शिकवण्या करू लागली. तिची ही कथा येथेच संपली असती, तर जगाला तिचे नावही कळले नसते.

तिला सावरले ते एका लहानशा प्रयोगशाळेने. वॉर्सामध्ये उद्योग व शेती संग्रहालय या नावाची एक संस्था होती. नाव संग्रहालयाचे असले तरी तेथे तरुणांना विज्ञान शिकवले जाई. राज्यकर्त्यांचा संशय येऊ नये म्हणून तो मुखवटा धारण केलेला होता. तिचा मामेभाऊ युझेफ बोगुस्की तेथील प्रमुख होता. मूलद्रव्यांची आवर्त सारणी मांडणाऱ्या मेंडेलिव यांच्या हाताखाली त्याने काम केले होते. संध्याकाळी आणि रविवारी ही प्रयोगशाळा मारियाला मोकळी मिळू लागली. पुस्तकात वाचलेले प्रयोग ती एकटीच करून पाही. कधी अनपेक्षित यश मिळे, तर कधी अपघात होऊन पदरी निराशा येई. लहानपणी काचेच्या कपाटाबाहेरून पाहिलेली उपकरणे आता तिच्या हातात होती. विज्ञानातील प्रगती झटपट किंवा सोपी नसते, हे तिला येथे कळले आणि तरीही आपल्याला हेच करायचे आहे, याचीही खात्री पटली.

१८९१ साली काझिमिएश झोराव्स्कीशी झालेल्या अखेरच्या भेटीत त्याची द्विधा मनःस्थिती अजून तशीच आहे, हे पाहून तिने तो धागा कायमचा तोडला. ब्रोन्याला पत्र गेले आणि नोव्हेंबर १८९१ मध्ये, खाण्याचे पदार्थ, अंथरूण-पांघरूण आणि बसण्यासाठी घडीची खुर्ची बरोबर घेऊन, रेल्वेच्या सर्वांत स्वस्त वर्गाने ती पॅरिसला निघाली.

पॅरिसची पोटमाळ्यावरची खोली

सोर्बोन विद्यापीठाच्या विज्ञान शाखेत तिने नाव नोंदवले ते मारी या फ्रेंच वळणाने. त्या शाखेत शिकणाऱ्या स्त्रिया अगदी थोड्या होत्या. वर्गात बसल्यावर तिच्या ध्यानात आले, की आपली फ्रेंच भाषा अपुरी आहे आणि गणिताची तयारीही इतर विद्यार्थ्यांहून कमी आहे. इतकी वर्षे एकटीने केलेल्या अभ्यासात राहून गेलेल्या फटी तिला आता भरून काढायच्या होत्या.

काही महिने ती बहिणीच्या घरी राहिली. पण ते घर विद्यापीठापासून लांब होते, बसचे भाडे परवडत नव्हते, शिवाय तेथे माणसांचा राबता मोठा. म्हणून तिने विद्यापीठाजवळ सहाव्या मजल्यावर पोटमाळ्याची एक लहान खोली भाड्याने घेतली. हिवाळ्यात शेगडीसाठी लागणारा कोळसा ती स्वतः सहा जिने चढून वर नेई. तोही पुरत नसे. रात्री बादलीतील पाणी गोठे आणि थंडीने झोप लागेना म्हणून ती जवळचे सगळे कपडे अंगावर पसरून पडे. जेवण म्हणजे बहुधा पाव व चहा, कधी थोडी फळे. एकदा अशक्तपणामुळे तिला चक्कर आली, तेव्हा ब्रोन्या व तिचे पती यांनी घरी नेऊन तिची शुश्रूषा केली. संध्याकाळी तेल आणि कोळसा वाचावा म्हणून ती सार्वजनिक ग्रंथालयात दिव्याखाली बसे आणि ते बंद झाल्यावर खोलीवर येऊन मध्यरात्र उलटेपर्यंत वाची.

या हालअपेष्टांचे वर्णन वाचून आपले मन कळवळते. तिच्या लेखी मात्र ही वर्षे आयुष्यातील सर्वांत उत्तम वर्षांपैकी होती. लिपमन यांच्यासारखे भौतिकशास्त्रज्ञ आणि अपेल यांच्यासारखे गणितज्ञ तिला शिकवत होते. जे शिकण्यासाठी वॉर्सात पडदे ओढून, दबल्या आवाजात बसावे लागे, ते येथे भर दिवसा, उघड्या दारांनी शिकता येत होते. जुलै १८९३ मध्ये भौतिकशास्त्राच्या पदवी परीक्षेचा निकाल गुणानुक्रमे वाचला गेला आणि पहिले नाव मारी स्क्लोदोव्स्का हिचे होते.

आता गणिताचीही पदवी घ्यायची होती, पण गाठीचे पैसे संपले होते. ती वॉर्साला परतली तेव्हा पॅरिसचे दार पुन्हा बंद होते की काय, अशी स्थिती होती. त्या वेळी तिच्यासाठी प्रयत्न करणाऱ्या एका मैत्रिणीमुळे तिला अलेक्झांड्रोविच शिष्यवृत्ती मिळाली. परदेशात उच्च शिक्षण घेऊ पाहणाऱ्या गुणी पोलिश विद्यार्थ्यांसाठी ही ६०० रूबलची मदत होती. तिच्या काटकसरीने ती सुमारे सव्वा वर्ष पुरण्यासारखी होती. जुलै १८९४ मध्ये गणिताच्या परीक्षेत ती दुसऱ्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली.

शिष्यवृत्तीची परतफेड

याच काळात पोलादाच्या चुंबकीय गुणधर्मांचा अभ्यास करण्याचे काम तिला एका औद्योगिक संस्थेकडून मिळाले. हे तिचे पहिले शास्त्रीय स्वरूपाचे अर्थार्जन. त्या कमाईतून तिने ६०० रूबल बाजूला काढले आणि शिष्यवृत्ती देणाऱ्या निधीकडे परत पाठवले. शिष्यवृत्ती परत करण्याची कोणतीही अट नव्हती. आजवर कुणी ती परत केलीही नव्हती, त्यामुळे निधीच्या कार्यालयात मोठे आश्चर्य व्यक्त झाले. तिच्या दृष्टीने मात्र हिशेब साधा होता. ते पैसे आपल्याजवळ जितके दिवस राहतील, तितके दिवस दुसऱ्या एखाद्या गरीब मुलीच्या शिक्षणाची वाट अडून राहील.

याच कामासाठी प्रयोगशाळेची जागा शोधत असताना १८९४ साली तिची पिएर क्युरी या फ्रेंच शास्त्रज्ञाशी ओळख झाली. त्याच उन्हाळ्यात मायदेशी परतून तेथे काम करावे अशी तिची इच्छा होती, परंतु स्त्री असल्याने क्राकोव येथील विद्यापीठात तिला स्थान मिळाले नाही. ती पॅरिसला परतली आणि २६ जुलै १८९५ रोजी मारी स्क्लोदोव्स्का ही मादाम क्युरी झाली.

पुढील इतिहास जगाला ज्ञात आहे. बेकरेल यांनी युरेनियममधून निघणाऱ्या अदृश्य किरणांचा शोध लावल्यावर मादाम क्युरी यांनी त्या किरणांचे काटेकोर मोजमाप करण्याचे काम हाती घेतले. किरणांची तीव्रता युरेनियमच्या प्रमाणावरच अवलंबून असते, तापमान किंवा रासायनिक रूप यांवर नाही, हे त्यांना आढळले. यावरून हा गुणधर्म अणूचाच असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पिचब्लेंड हे खनिज त्यातील युरेनियमच्या मानाने कितीतरी अधिक किरणोत्सारी आहे, तेव्हा त्यात एखादे अज्ञात द्रव्य दडलेले असणार, हा त्यांचा तर्क खरा ठरला. १८९८ साली क्युरी दांपत्याने दोन नवी मूलद्रव्ये जाहीर केली. पहिल्याला त्यांनी पोलोनियम हे नाव दिले. नकाशावरून पुसल्या गेलेल्या आपल्या मायभूमीचे नाव त्यांनी मूलद्रव्यांच्या यादीत कायमचे कोरून ठेवले. दुसरे रेडियम. गळक्या छपराच्या शेडमध्ये टनावारी खनिज उकळून, ढवळून, गाळून १९०२ साली त्यांनी रेडियमचा जो शुद्ध क्षार मिळवला, तो ग्रॅमच्या दहाव्या भागाएवढा होता. श्चुकीच्या घरात जिने वर्षानुवर्षे वाट पाहिली, तिला हे चार वर्षांचे कष्ट मोठे वाटले नसावेत. १९०३ साली पती व बेकरेल यांच्यासह भौतिकशास्त्राचे आणि १९११ साली एकटीला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. १९०६ साली पिएर यांचे अपघाती निधन झाले आणि त्यांची अध्यापनाची जागा मादाम क्युरी यांच्याकडे आली.

रेडियम वेगळे करण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले असते तर क्युरी कुटुंब गर्भश्रीमंत झाले असते. पतिपत्नींनी ते घेतले नाही. ज्ञान सर्वांचे आहे, असे मानून संपूर्ण कृती त्यांनी जगापुढे खुली ठेवली. सेव्हर येथील मुलींच्या अध्यापक विद्यालयात शिकवताना मादाम क्युरी यांनी विद्यार्थिनींच्या हाती प्रत्यक्ष प्रयोगाची साधने दिली. पहिल्या महायुद्धात त्यांनी क्ष-किरण यंत्रे बसवलेल्या मोटारगाड्या रणभूमीजवळ नेल्या आणि सुमारे १५० स्त्रियांना ती यंत्रे चालवण्याचे शिक्षण दिले.

करार पूर्ण झाला

आयुष्याच्या अखेरीस दोन बहिणींचा जुना करार एका वेगळ्या रूपाने पुन्हा समोर आला. स्वतंत्र झालेल्या पोलंडमध्ये रेडियमच्या साहाय्याने कर्करोगावर उपचार व संशोधन करणारी संस्था असावी, अशी मादाम क्युरी यांची इच्छा होती. ती वॉर्सात उभी करण्याचे कष्ट डॉक्टर झालेल्या ब्रोन्याने घेतले. अमेरिकेतील देणगीदारांनी १९२९ साली मादाम क्युरी यांना दिलेला रेडियमचा निधी त्यांनी या संस्थेकडे वळवला आणि १९३२ साली ती सुरू झाली. ज्या शहरातील विद्यापीठाने या दोघींना दार उघडले नव्हते, त्याच शहरात दोघींनी मिळून रुग्णांसाठी आणि अभ्यासकांसाठी एक दार उघडून दिले.

४ जुलै १९३४ रोजी मादाम क्युरी यांचे निधन झाले. दीर्घकाळच्या किरणोत्सर्गाने त्यांच्या शरीरातील रक्तनिर्मितीची शक्ती क्षीण झाली होती. १९९५ साली फ्रान्सने त्यांचे अवशेष राष्ट्राच्या थोर व्यक्तींच्या स्मृतिमंदिरात सन्मानपूर्वक नेऊन ठेवले.

त्यांच्या कीर्तीचा विचार करताना त्या कीर्तीमागील माणसांचे स्मरण राहावे. निरीक्षकाची घंटा ऐकताच पुस्तके लपवणाऱ्या शिक्षिका, पत्रातून गणिते सोडवून पाठवणारा वृद्ध पिता, शब्द पाळणारी बहीण, रविवारी प्रयोगशाळेची किल्ली देणारा मामेभाऊ आणि ६०० रूबलचा तो निधी ज्यांनी उभा केला ती मंडळी. यांपैकी एक जरी हात मागे सरला असता, तरी ती सुवर्णपदकविजेती मुलगी कुठल्याशा घरी दुसऱ्यांची मुले शिकवतच वृद्ध झाली असती. आपल्या आसपासही अशी एखादी मुलगी शाळेचे शेवटचे वर्ष संपवून घरात बसलेली असेल. तिच्या शिक्षणाला दिलेली मदत नेमकी किती फळाला येईल, हे देणाऱ्याला देतेवेळी कधीच ठाऊक नसते. ६०० रूबल देणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हते.